जुनी इंजिनं आणि जुन्या मशिनरीचे मेळावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनाशेजारी घडीची खुर्ची टाकून बसलं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत साधारण तेच पंधरा-वीस प्रश्न येतात. विचारणारा दर वेळी नवा असतो त्यामुळे सांगायचा कंटाळा येत नाही, पण दुपारनंतर घसा बसतो, आणि चालू इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितलेलं समोरच्याला निम्मं ऐकूही जात नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. क्रम काही खास नाही. जिथे मला जास्त बोलायचं होतं तिथे जास्त लिहिलंय.

अहो, तुमचं इंजिन बंद पडतंय बघा!

नाही हो, ते असंच चालतं. हा एक नंबरचा प्रश्न, आणि खरं तर प्रश्न नाहीच, लोक काळजीने सांगायला येतात. एक जोरात फाट् ऐकू येतं, मग पाच-सहा वेळा नुसतं फुस-फुस-फुस, बघणाऱ्याला वाटतं गेलं हे, आणि तेवढ्यात परत फाट्. याला हिट अँड मिस म्हणतात. साधारण १८९० च्या दशकापासून १९३० च्या दशकापर्यंत शेतावर पाणी उपसायला, कडबा कापायला, दळायला जी छोटी पेट्रोल इंजिनं होती त्यातली बरीचशी याच पद्धतीची.

आता जवळ येऊन बघा, हात मात्र मागे ठेवा. फ्लायव्हीलवर, म्हणजे बाजूच्या या जड चाकावर, दोन वजनं दिसतात ना, वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि एक छोटी कडी सरकवतात. ती कडी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) लांब दांड्याला जाऊन अडकते, म्हणजे एक्झॉस्ट उघडाच राहतो. आणि खरी गंमत इनटेकची (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या झडपेची) आहे, त्याला ढकलून उघडणारा कॅमच नाही, तो नुसता एका हलक्या स्प्रिंगवर बसलेला असतो, पिस्टनने हवा ओढली तरच उघडतो. एक्झॉस्ट उघडा असेल तर सिलिंडरात ओढ तयारच होत नाही, मग इनटेक उघडत नाही, मग पेट्रोलही आत जात नाही. इंजिन नुसतं त्या जड फ्लायव्हीलच्या जोरावर फिरत राहतं. वेग थोडा उतरला की वजनं आत येतात, कडी सुटते, एक्झॉस्ट बंद होतो, पुढच्या फेरीला पेट्रोल-हवा आत जाते, ठिणगी पडते आणि फाट्.

म्हणजे बघा, गरज असेल तेव्हाच जेवणारं इंजिन. पंप जोडला की फटके जवळजवळ येतात, पूर्ण लोड दिला की एकही फटका चुकत नाही. मेळाव्यात मात्र बिनलोडची चालवतात, आणि दोन फटक्यांच्या मधे किती वेळा फुस होतं ते मोजून लोक एकमेकांचं ट्यूनिंग जोखतात. तोंडाने कुणी बोलत नाही, पण मोजतात सगळे.

जुनं इंजिन म्हणजे नक्की किती जुनं?

पक्की रेषा नाही. निकोलस ऑटोने चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं १८७६ मध्ये, रुडॉल्फ डिझेलचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं १८९७ मध्ये, आणि वाफेचं तर त्याच्याही खूप आधी, न्यूकोमेनचं इंजिन १७१२ चं. मेळाव्यात जे दिसतं ते बहुतेक १९०० ते १९५० मधलं असतं. माझी स्वतःची कसोटी सोपी आहे, इंजिन काय करतंय ते नुसतं बघून कळत असेल तर ते आपल्यातलं. सगळं झाकणाखाली गेलं की माझा रस संपतो. हे सगळ्यांना मान्य होणार नाही, असो.

मेळाव्यात असतं काय काय?

एका बाजूला छोट्या इंजिनांची रांग, प्रत्येकाला काहीतरी काम जोडलेलं, कुणी पंप चालवतोय, कुणी मक्याचे दाणे सोलायचं मशीन, कुणी जुनी वॉशिंग मशीन. दुसरीकडे ट्रॅक्टर. मोठा मेळावा असेल तर वाफेची ट्रॅक्शन इंजिनं (वाफेवर चालणारे ट्रॅक्टरच म्हणा), मळणी यंत्र, आरागिरणी. दुपारी परेड निघते. ट्रॅक्टरची स्लो रेस हा माझा आवडता प्रकार, जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, पण मधे बंद पडला तर बाद. शिवाय सुट्या भागांचा बाजार असतो, आणि तिथे सकाळी लवकर गेलात तरच काही हाती लागतं, दहा वाजता गेलात तर गंजके पाने आणि बिनटोपणाचे तेलाचे डबे.

पहिल्यांदा येणाऱ्याला एक सांगतो, सगळं बघायचा हट्ट धरू नका. एका इंजिनापाशी अर्धा तास उभे रहा, थंड असल्यापासून सुरू होईपर्यंत. त्यात जे कळतं ते दिवसभर फिरून कळत नाही.

तो लांब पट्टा चाकावरून घसरून खाली का पडत नाही?

हा प्रश्न विचारला की मी खुर्चीवरून उठतोच. पुलीला कडा नाहीत, पट्टा चपटा, मधे पाच-दहा मीटरचं अंतर, तरी पट्टा बरोब्बर मधोमध. पुलीवर पट्टी आडवी धरून बघा, ती सपाट नसते, मधे किंचित फुगीर असते. लोकांना वाटतं पट्टा उंचवट्यावरून खाली सरकेल, होतं नेमकं उलटं, चपटा पट्टा नेहमी मोठ्या व्यासाकडे चढत जातो. एका बाजूला सरकला की फुगीर भागाकडची कड जास्त ताणली जाते, पट्टा तिरका होऊन परत मधे ओढला जातो.

पण इंजिन आणि मशीन एका रेषेत नसेल तर फुगीर पुलीही काही करू शकत नाही. जाणकार माणूस ट्रॅक्टर उभा करताना एक डोळा मिटून दोन्ही पुलींच्या कडेने बघतो, पट्टा चढवतो, आणि मग थोडं मागे घेऊन ताण देतो. मळणी यंत्राचा पट्टा बऱ्याचदा मधे पीळ देऊन आठच्या आकड्यासारखा टाकलेला दिसेल. त्याने फिरण्याची दिशा उलटते, पट्टा पुलीला जास्त कवळतो आणि वाऱ्यात फडफडतही कमी.

जगात हे सगळं कुठे चांगलं बघायला मिळतं?

अमेरिकेत आयोवा राज्यात माउंट प्लेझंट नावाचं गाव आहे, तिथे १९५० पासून जुन्या मळणीवाल्यांचा मेळावा भरतो, मिडवेस्ट ओल्ड थ्रेशर्स रीयुनियन, लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार, तिथली सुट्टी) आसपास पाच दिवस. नुसत्या इंटर्नल कम्बशन इंजिनांचं वेड असेल तर पेनसिल्व्हेनियातलं कूलस्प्रिंग पॉवर म्युझियम. तिथे स्नो कंपनीचं ६०० हॉर्सपॉवरचं गॅस इंजिन आहे, आपल्या पाच हॉर्सपॉवरवाल्याने त्याच्यासमोर उभं राहिलं की जरा नम्र व्हायला होतं.

वाफेसाठी इंग्लंड. क्रॉफ्टनचं पंपिंग स्टेशन, तिथलं १८१२ चं बोल्टन अँड वॉटचं बीम इंजिन (वर मोठी तुळई झुलते ते) मूळ जागीच आहे आणि ज्या कालव्याला पाणी चढवायला बसवलं होतं त्याच कालव्याला आजही पाणी चढवून दाखवू शकतं. बर्मिंगहॅमच्या म्युझियममध्ये स्मेथविकचं १७७९ चं इंजिन आहे, चालू अवस्थेतलं जगातलं सगळ्यात जुनं. लंडनजवळ केम्प्टन पार्कला १९२० च्या दशकातली दोन ट्रिपल एक्स्पान्शन इंजिनं (तीच वाफ एकामागून एक तीन सिलिंडरांत वापरणारी) आहेत, दोन-तीन नव्हे पाच-सहा मजली उंच, त्यातलं एक अजून वाफेवर चालवतात. एवढं प्रचंड यंत्र आणि आवाज जवळजवळ नाहीच, नुसता एक संथ श्वास.

इंजिनाच्या डोक्यावर ब्लोलॅम्प कशाला लावलाय? पेटलं का ते?

पेटलं नाही, उठवतोय त्याला. ते हॉट बल्ब इंजिन आहे. त्याला स्पार्क प्लग नसतो आणि डिझेलइतकं कॉम्प्रेशनही नसतं, त्याऐवजी सिलिंडरच्या टोकाला लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो. तो दहा-पंधरा मिनिटं बाहेरून तापवायचा, लालसर झाला की फ्लायव्हील हलवायचं, तेल आत फवारलं जातं आणि गोळ्याच्या उष्णतेवर पेट घेतं. एकदा चालू झालं की गोळा आपोआप तापलेला राहतो, ब्लोलॅम्प बाजूला. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्टची ही कल्पना, हॉर्न्सबी कंपनीने १८९० च्या दशकात बाजारात आणली. फार वेळ बिनलोड चालवलं तर मात्र गोळा थंड होतो आणि इंजिन विझतं, म्हणून त्याचा मालक सारखा कान देऊन बसलेला दिसेल, गप्पांत त्याचं लक्ष नसतं, राग मानू नका.

यातला राजा म्हणजे लान्झ बुलडॉग, जर्मनीतल्या मानहाइमचा, पहिला १९२१ चा, १२ हॉर्सपॉवर. नंतरच्या बुलडॉगमध्ये सुरू करायला स्टिअरिंग व्हील दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसायचं आणि झोके द्यायचे. टू स्ट्रोक असल्यामुळे हे इंजिन उलटंही चालू होतं, मग पुढचा गिअर टाकला की ट्रॅक्टर मागे. बघणाऱ्यांची करमणूक, चालवणाऱ्याची फजिती. इंग्लंडच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरची तऱ्हा आणखी वेगळी, तो हँडलनेही सुरू होतो आणि बंदुकीसारख्या, पण बिनछर्र्याच्या काडतुसानेही. काडतूस खोबणीत बसवून मागच्या पिनवर हातोडीने टोला, ढुम्म, आणि ट्रॅक्टर चालू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो होतो.

हँडल कसं मारायचं? मी ट्राय करू?

आधी पंधरा वेळा बघा, मग करा. हँडलवर अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल हातातून निसटलं पाहिजे, अंगठा पलीकडून अडकवला असेल तर तो निघत नाही, मोडतो. ठिणगी उशिरावर ठेवायची, म्हणजे रिटार्ड. खाली दाबायचं नाही, वर ओढायचं. आणि इंजिनाने पकड घेतली की हँडल लगेच सुटून हातात आलं पाहिजे. अडकून बसलं तर हँडल फिरत राहतं आणि कधीतरी उडतं, त्या वेळी जवळ जायचं नाही, लांबून पेट्रोल किंवा ठिणगी बंद करायची.

माझा अंगठा शाबूत आहे. मनगट एकदा गेलं होतं, आणि तेसुद्धा वीस वेळा व्यवस्थित सुरू झालेल्या इंजिनावर, एकविसाव्या वेळी कुणाशी तरी बोलत बोलत हँडल मारलं म्हणून.

सुरुवातीला कुठलं इंजिन घ्यावं?

एकट्याने किंवा फार तर दोघांनी उचलता येईल असं. पहिल्याच वेळी पाऊण टनाचं घेणारे खूप पाहिलेत, ते इंजिन जिथे उतरवलं तिथेच वर्षानुवर्षं पडून राहतं कारण हलवायचं कसं हाच प्रश्न सुटत नाही. मेटॅगची वॉशिंग मशीनखाली बसणारी छोटी इंजिनं असतात, पायाने किक मारायची, ती हातात धरून शिकायला छान. त्याच्या वर जॉन डिअरचं मॉडेल ई, दीड, तीन आणि सहा हॉर्सपॉवरमध्ये निघायचं, त्यातलं दीडवालं नवशिक्याला चांगलं. क्रॅंक बंद पेटीत असतो, तेल आतच राहतं, कपडे वाचतात.

डिझेलच हवं असेल तर लिस्टर सीएस. एकच सिलिंडर, साडेचार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास), साडेपाच इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव), आधी ६०० आरपीएमला ५ हॉर्सपॉवर आणि नंतर ६५० ला ६. मूळ इंग्लंडमधल्या डर्स्लीचं, पण याच्या नकला भारतात, विशेषतः राजकोटला, इतक्या बनल्या आणि बाहेर गेल्या की परदेशातल्या हौशी लोकांनी त्यांना लिस्टरॉइड असं नावच पाडलं. सुटे भाग मिळतात हा मोठा मुद्दा. नकलेचं इंजिन घेतलंत तर मात्र चालू करायच्या आधी सगळं उघडून आतली फाउंड्रीची वाळू धुवून काढा, हे गमतीने सांगत नाहीये.

घेताना काय तपासायचं?

फ्लायव्हील हलतंय का, हे सगळे बघतात. पण हलत नसलं म्हणून घाबरू नका, जाम पिस्टन सुटतो. तुटलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मात्र सहज जुळत नाही. म्हणून सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीला खालच्या बाजूने आणि कोपऱ्यात बोट फिरवा, तडा असेल तर तिथेच असतो, आणि ताजा जाड रंग दिसला तर रंगाखाली काय आहे ते विचारा. फ्लायव्हीलच्या चाव्या (चाक दांड्यावर घट्ट बसवणाऱ्या पाचरी) बघा, कुणीतरी छिन्नीने ठोकून डोकं उडवलंय का. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो किंवा इग्नायटर जागेवर आहे का, कारण बाकी इंजिन मिळतं, तेवढा एक भाग शोधण्यात वर्षं जातात. पितळी नंबर प्लेट हवी. प्लेट नवीन आणि इंजिन गंजलेलं असेल तर प्लेट कुठून तरी आणून बसवलीय, एवढं समजून बोला.

आणि कुणी म्हणालं की "गेल्याच वर्षी चालू होतं", तर हो म्हणा आणि काहीच चालत नाही असं धरून भाव करा.

पिस्टन जाम झालाय, काय करू?

काही करू नका. म्हणजे आजच काही करू नका. हेड काढा, सिलिंडर उभा होईल असं ठेवा, वरून पेनिट्रेटिंग तेल भरा आणि विसरून जा. बरेच जण ट्रान्समिशन फ्लुइड आणि अॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरतात, मीही तेच वापरतो. अॅसिटोन उडून जातं म्हणून वरचेवर भर घालायची, आणि जवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग काही नको. दर दोन-तीन दिवसांनी पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके टोले. हलके म्हणजे हलकेच. कंपनाने तेल आत झिरपतं, ताकदीने काही होत नाही. आठवडाभराने फरक नाही पडला तर सिलिंडर बाहेरून सावकाश शेकायचा, तेही पेटणारं सगळं काढून पुसून टाकल्यावर आणि उघड्यावर, मग थंड होऊ द्यायचा, परत तेल.

माझं दुसरं इंजिन चार महिने असं भिजत पडलं होतं. रोज येता-जाता एक टोला. एक दिवस टोला मारला आणि आवाजच वेगळा आला, खणखणीत होता तो बोदा झाला. नख लावून बघितलं तर पिस्टन केसभर सरकलेला. अख्खा बाहेर यायला आणखी तीन दिवस लागले, पण मला आठवतो तो केसभरच. त्याच सुमारास ओळखीच्या एकाने घाई केली, हायड्रॉलिक जॅक लावला, पिस्टन निघालाच नाही, सिलिंडरच मागून फुटला. शंभर वर्षं टिकलेलं बीड एका दुपारी गेलं.

गंज काढायला सोपा उपाय?

इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, पाण्यात बुडवलेला गंजका भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला आणि बाजूला ठेवलेला साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. उलटं जोडलंत तर तुमचा मौल्यवान भागच खाल्ला जाईल. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून उघड्यावर करा, चिमटे काढायच्या आधी चार्जर बंद. अॅल्युमिनियमचे भाग यात घालू नका, विरघळतात. बाकी काही नाही, सकाळी लावा, दुसऱ्या दिवशी ब्रशने काळी पूड झाडा, लगेच तेल लावा.

नवीन रंग द्यावा का?

हा भांडणाचा विषय आहे आणि मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगतो. मूळ रंग एकदाच असतो. तो अर्धा उडालेला असो, त्यावर तेलाचे ओघळ असोत, हँडल धरून धरून एका जागी लोखंड चकाकत असो, ते सगळं त्या इंजिनाने केलेल्या कामाचं आहे आणि सँडब्लास्ट केलं की दहा मिनिटांत गेलं. मी नुसतं रॉकेलने पुसतो, मळ काढतो, वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात देतो. त्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, जवसाचं तेल सुकताना आपोआप तापतं आणि चिंध्या खरंच पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

मूळ रंग काहीच उरला नसेल, नुसता गंज असेल, तर खुशाल रंगवा. पण जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका. आणि पितळी ऑइलर (थेंब थेंब तेल सोडणाऱ्या कुप्या) आरशासारखे चमकवून, फ्लायव्हीलच्या कडेला सोनेरी रेघा काढून आणलेली इंजिनं बघितली की मला लग्नातल्या घोड्याची आठवण येते. ज्यांनी असं केलंय ते माझे मित्र आहेत, त्यांना माझं मत माहीत आहे, त्यांचं माझ्या इंजिनांबद्दलचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

तेल आणि पेट्रोल कुठलं?

ड्रिप ऑइलरला साधं, बिनडिटर्जंटचं तेल, मिनिटाला साधारण दहा थेंब, मग आपल्या इंजिनाचं बघून कमी-जास्त. ग्रीस कपला तासाभराने एक पीळ. पेट्रोलमध्ये आजकाल इथेनॉल असतं, ते जुने कॉर्क आणि रबर खातं, पाणी ओढून घेतं, टाकीत राहिलं तर चिकट थर धरतं. म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी. एवढंच.

वाफेची इंजिनं धोकादायक असतात का?

बॉयलर धोकादायक असतो. पेट्रोल इंजिन बिघडलं तर बंद पडतं, बॉयलर बिघडला तर तुम्ही जवळपास नसलेलं बरं. पाण्याची वाफ झाली की वातावरणाच्या दाबाला ती सुमारे १,७०० पट जागा मागते, आणि बॉयलरमधलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या बरंच वर तापलेलं असतं, दाब एकदम सुटला की त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते.

भट्टीच्या छताला क्राउन शीट म्हणतात. त्याच्यावर कायम पाणी पाहिजे, कारण खालून आग आहे आणि वरचं पाणीच त्याला थंड ठेवतं. पाणी कमी झालं की पत्रा लाल होतो, मऊ पडतो, फाटतो. २९ जुलै २००१ ला अमेरिकेत ओहायोमधल्या मेडिना काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर केस कंपनीच्या एका ट्रॅक्शन इंजिनाचा बॉयलर असाच फुटला, पाच माणसं गेली. नंतरच्या तपासात पाणी कमी होतं, क्राउन शीट झिजून पातळ झालेलं होतं, शिवाय संरक्षणासाठी जे भाग असतात तेही धड नव्हते असं निघालं. म्हणजे एकच चूक नव्हती, एकावर एक साचत गेलेल्या होत्या. त्यानंतर ओहायोत जुन्या बॉयलरच्या तपासणीचे आणि चालवणाऱ्याच्या लायसन्सचे नियम आले.

म्हणून वाफेवाल्याला गेज ग्लास (बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी) बघताना हटकू नका. पाण्याची पातळी खरी आहे का हे बघायला तो ग्लासचा खालचा कॉक मधूनमधून उघडून फुंकतो, पाणी लगेच उसळून वर यायला हवं. चढ-उतारावर तर जास्तच लक्ष, इंजिन पुढे झुकलं की पाणी पुढे जातं आणि मागचं क्राउन शीट उघडं पडतं. चांगल्या मेळाव्यात पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजल्याचा आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याचा कागद मागतात. कागद नसेल तर विस्तव नाही. यावर कुणी "आमच्या आजोबांच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणालं तर त्या काळी बॉयलर किती फुटायचे तेही त्यालाच विचारा.

पोरांना घेऊन येऊ का?

जरूर या. हात धरून ठेवा. ओढणी, मफलर, मोकळे केस, लोंबणाऱ्या बाह्या हे सगळं बांधून घ्या, उघडं फ्लायव्हील हळू फिरतंय असं वाटतं पण ते थांबत नाही, कुणासाठीच थांबत नाही. कानात घालायला काहीतरी आणा. आणि पोराने विचारलं की "हे का फिरतंय", तर तुम्हीच काहीतरी ठोकून देऊ नका, मालकाला विचारू द्या. मालक त्यासाठीच बसलेला असतो.

मला माझं इंजिन मांडायचंय, काय काय आणू?

आग विझवायचा सिलिंडर, दोर आणि खुंट्या, खाली ठेवायला तेल गळायचा ट्रे, चाकांना लावायला पाचरी, चिंध्या, एक जादा स्पार्क प्लग, आणि पाण्याचा कॅन. पाणी लोक हमखास विसरतात. उघड्या टाकीचं इंजिन पाणी उकळवूनच थंड राहतं, वाफ निघते ती बिघाड नाही, पण पातळी उतरत जाते आणि दुपारी नळ शोधत फिरावं लागतं. इन्शुरन्स लागतो का ते आयोजकांना आधी विचारा. इंजिनाचं नाव, साल, हॉर्सपॉवर आणि ते काय काम करायचं हे एका पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा. सालाची खात्री नसेल तर साल लिहूच नका, कुणीतरी सीरियल नंबर पाठ असलेला येतोच आणि चार लोकांसमोर दुरुस्त करतो. माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

कामाला जोडलेलं इंजिन नेहमी जास्त गर्दी खेचतं. नुसतं फिरणारं इंजिन लोक दोन मिनिटं बघतात, तेच पंपाला जोडून बादलीतून बादलीत पाणी फिरवा, पोरं हलत नाहीत.

घरच्यांना काय सांगायचं?

पहिल्या इंजिनाला खरं सांगा. दुसऱ्याला "सुट्या भागांसाठी घेतलंय" हे चालतं, बऱ्याच वेळा ते खरंही असतं. तिसऱ्यापासून माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या बायकोने एकदा शांतपणे मोजलेल्या फ्लायव्हीलची संख्या सांगितली, आणि मी म्हणालो की प्रत्येक इंजिनाला दोन असतात, तर निम्मे कर. ते काही चाललं नाही.

मेळावा संपल्यावर काय करायचं?

इंजिन गार होऊ द्या, पेट्रोल काढा, ऑइलरचे नॉब बंद करा, नाहीतर रात्रभर थेंब थेंब तेल गाडीत. फ्लायव्हील हाताने फिरवून दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतील अशा जागी थांबवा, म्हणजे दमट हवा आत जात नाही, आणि एक्झॉस्टच्या तोंडावर डबा उपडा घाला, उंदीर घर करतात. पुढचे सहा महिने चालवणार नसलात तरी पंधरा दिवसांतून एकदा जागा थोडी बदला, रिंगा एकाच ठिकाणी चिकटत नाहीत.

आणि टाकीतलं पाणी. थंडीत पाणी गोठतं, गोठलं की फुगतं, आणि बीड ताणलं जात नाही, फुटतं. आज बाजारात तडा गेलेल्या जितक्या टाक्या दिसतात त्यातल्या बहुतेक कुठल्या अपघातात फुटलेल्या नाहीत, कुणीतरी संध्याकाळी दमून "उद्या सोडू पाणी" म्हणून आत गेला होता. खालचा कॉक उघडून ठेवला तरी समाधान मानू नका, तळाशी गाळ बसून तोंड बंद झालेलं असतं, तार घालून ढवळा. आधी पाण्याची धार येईल, मग थांबेल, तार फिरवली की लालसर गाळ येईल आणि परत धार सुरू होईल. ती दुसरी धार येईपर्यंत घरात जायचं नाही.